आधी डायल लावा, मग डिस्कवर बोला

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, ही तक्रार घेऊन गाडी कुठल्याही गॅरेजात न्या. चाक उघडलेलं नसतं, कुणी गाडी फिरवून पाहिलेली नसते, तरी जॉब कार्ड भरणारा माणूस मान वर न करता सांगतो, "डिस्क वाकल्यात सर, जोडी बदलावी लागेल." कशावरून, असं विचारलं तर उत्तर येतं, "यात हेच असतं सर." हजारो रुपयांचं काम, गाडीत बसणाऱ्या चार जिवांचा प्रश्न, आणि निदान काय, तर 'हेच असतं'. मी याला निदान म्हणायला तयार नाही. हे अंदाजपंचे दाहोदरसे आहे, आणि त्या अंदाजाचं बिल दर वेळी आपण भरतो.

माझी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत, तपासणी विभागात झाली. जॉब मशीनवरून उतरला की त्याला डायल लावायचा, मायक्रोमीटर लावायचा, आकडा लिहायचा, मर्यादेबाहेर असेल तर लाल रंग मारून बाजूला ठेवायचा. 'बरा दिसतोय' एवढ्यावर तिथे साधा बुशसुद्धा पुढे गेला नसता. पिंपरी-चिंचवड, चाकण, भोसरी, तिकडे वाळूज आणि सातपूर, या पट्ट्यात गाड्या बनतात, गाड्यांचे भाग बनतात. वाहनं तपासणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे. इथल्या टर्नरच्या तोंडी दिवसभर मायक्रॉनची भाषा असते. आणि त्याच पट्ट्यातल्या काचेच्या चकाचक सर्व्हिस सेंटरांत, ज्या भागाचा दोष मायक्रॉन मोजल्याशिवाय कळूच शकत नाही, तो भाग नुसता बघून भंगारात जातो. मला याचा संताप येतो.

डिस्क वाकली, हे वाक्य इतकं रुळलंय की ते खरं आहे का हे कुणी तपासतही नाही. डिस्क बिडाची असते. रोजच्या वापरातल्या साध्या गाडीत ती पापडासारखी वाकडी होत नाही. शर्यतीच्या गाड्यांवर आयुष्य घालवलेले अमेरिकन अभियंता कॅरोल स्मिथ यांनी हे फार पूर्वी स्वच्छ लिहून ठेवलं : लोक जिला वाकलेली डिस्क म्हणतात, ती बहुतेक वेळा पॅडचा माल असमान चिकटलेली डिस्क असते. जिथे डिस्क तापून लाल होतात तिथे काम केलेला माणूस हे सांगतो, आणि आमच्याकडे कोथरूड ते हिंजवडी एवढंच चालणाऱ्या गाडीची डिस्क म्हणे वाकली.

थरथर येते कशी, हे एकदा नीट समजून घ्या. डिस्कच्या दोन बाजूंना दोन पॅड असतात. ब्रेक दाबला की कॅलिपरचा पिस्टन ते पॅड डिस्कवर आवळतो. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी असेल तर पकड सारखी राहते. एका जागी ती जाड आणि दुसऱ्या जागी पातळ असेल, तर जाड भाग पॅडमध्ये आला की पिस्टन मागे रेटला जातो, ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, पकड वाढते. पातळ भाग आला की दोन्ही उतरतात. दाबातला चढउतार पेडलमधून पायाला कळतो, पकडीतला स्टिअरिंगमधून हाताला. आणि याला फरक लागतो तो किती? दहा-वीस मायक्रॉन पुरतात. मिलिमीटरचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग. डोक्यावरचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, नख फिरवलं तरी लागत नाही. मग काउंटरमागे बसलेल्या माणसाला तो कसा दिसला?

गाडी चालवून पाहिली असती तर निदान काही कळलं असतं. साध्या मोटारीच्या चाकाचा घेर १.९ मीटरच्या आसपास असतो. ताशी १०० किलोमीटरला ते चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेतं. डिस्कवर फेऱ्याला एक जाड जागा असेल तर सेकंदाला तेवढेच झटके बसतात, आणि वेग उतरत गेला की झटकेही संथ होत जातात. वेगाबरोबर संथ होणारी थरथर चाकाच्या फेऱ्याशी बांधलेली असते, ही पहिली खूण. ब्रेकला पाय न लावताही ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्कचा संबंध बहुधा नाही. आधी बॅलन्सिंग बघा, टायरला फुगा आलाय का बघा, रिम खड्ड्यात बसलीय का बघा. ब्रेक दाबल्यावरच हाताला थरथर आली तर पुढची चाकं. हाताला काही नाही पण सीटखाली, पाठीला जाणवतं, तर मागची. मागे ड्रम असलेल्या आणि हातब्रेक दांड्याचा असलेल्या गाडीत रिकाम्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही हे बघून, ताशी तीस-चाळीसच्या वेगाने जाताना हातब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढला की मागच्या ड्रमची परीक्षा होते. थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. ही सगळी चाचणी चहा थंड व्हायच्या आत उरकते. पण त्यासाठी खुर्चीतून उठून गाडीत बसावं लागतं, आणि रोजच्या गाड्यांचं टार्गेट मागे लागलेल्या सर्व्हिस सेंटरात नेमकं तेच होत नाही.

आता मुद्द्याचं. जाडीत फरक पडला कसा? हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि सगळं पाप इथे आहे.

कारखान्यातून निघालेल्या चांगल्या डिस्कची जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी असते. ती हबवर बसवताना जराशी तिरकी बसली, की फिरताना किंचित डावी-उजवीकडे झुलते. हा रनआउट. ब्रेक दाबलेला असताना कॅलिपर त्या झुलण्याबरोबर सरकतो, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवत नाही. नव्या डिस्क टाकल्या, गाडी लोण्यासारखी थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. पण ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कपासून फार लांब जात नाहीत. झुलणाऱ्या डिस्कची बाहेर आलेली जागा दर फेऱ्याला पॅडला घासून जाते. किलोमीटरला पाचशेवर फेरे होतात. पाच हजार किलोमीटरमध्ये पंचवीस लाखांवर. तेवढ्या घासण्यांत डिस्क त्याच त्या जागी झिजते, आणि सारख्या जाडीच्या डिस्कला जाड-पातळ जागा तयार होतात. बसवल्या दिवशी केलेली चूक काही हजार किलोमीटरनंतर बोलायला लागते. गाडी परत नेली तर तोच माणूस सांगतो, "सर, तुमचं ब्रेकिंग हार्ड आहे." चोर सोडून संन्याशाला फाशी! बसवणारा नामानिराळा, बनवणारा नामानिराळा, आणि दोषी कोण, तर पुढे रिक्षा आडवी आली म्हणून ब्रेक दाबणारा.

डिस्क तिरकी बसते कशाने? सर्वांत मोठं कारण अगदी फालतू आहे, म्हणून तर जास्त चीड येते. गंज. हबचा जो सपाट चेहरा डिस्कला टेकतो, त्यावर गंजाची खपली धरते. जुनी डिस्क हातोड्याने ठोकून काढायची, हबकडे न बघता नवी चढवायची, वर चाक लावायचं, गाडी खाली. खपली आत तशीच. हबच्या एका कडेला पन्नास मायक्रॉनची खपली राहिली तर डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत तिचे ऐंशीच्या आसपास होतात, कारण डिस्क हबपेक्षा मोठी आहे. शाळेतली भूमिती आहे ही. बऱ्याच उत्पादकांची रनआउटची मर्यादा गाडीनुसार पन्नास ते शंभर मायक्रॉनमध्ये असते. म्हणजे नखाने निघेल अशा खपलीने ती मर्यादा जवळजवळ खाऊन टाकली.

माझी भाची रत्नागिरीत राहते. गाडी अंगणात, समुद्राची खारी हवा, चार महिने कोकणातला पाऊस. तिच्या गाडीच्या डिस्क बदलून झाल्या होत्या, थरथर परत आली होती, आणि तिच्या हातात पुन्हा नव्या डिस्कचं एस्टिमेट ठेवलं होतं. "मामा, ते म्हणतात या मॉडेलला हा प्रॉब्लेम असतोच," ती म्हणाली. मी तिला पुण्याला गाडी घेऊन यायला सांगितलं आणि आमच्या भागातल्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये नेली. चाक काढलं. डिस्क हबवर घट्ट राहावी म्हणून नटांखाली वायसर घालून ते सारखे आवळले. मॅग्नेटिक स्टँड नकलवर बसवला आणि डायलचं टोक डिस्कच्या कडेपासून बोटभर आत टेकवलं. मिस्त्रींनी हाताने डिस्क हळू फिरवली. काटा शून्यावरून निघाला, सरकत सरकत अकराव्या घरावर गेला, आणि फेरा पुरा होताना पुन्हा शून्यावर आला. एक घर म्हणजे दहा मायक्रॉन. एकशे दहा मायक्रॉन रनआउट, काही हजार किलोमीटर चाललेल्या, कागदोपत्री नव्या डिस्कला.

डिस्क उतरवली. हबच्या चेहऱ्यावर, स्टडच्या बुडांभोवती, तपकिरी खपल्यांची कडी होती; एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. डिस्कच्या टोपीच्या आत त्याच खपल्यांचा ठसा उमटला होता. म्हणजे आदल्या वेळी कुणीही तिथे ब्रश फिरवला नव्हता. मिस्त्रींनी वायर ब्रश घेतला, मग पॉलिश पेपर, आणि धातू दिसेपर्यंत घासलं. नुसत्या हबला डायल लावला : दोन घरं, म्हणजे हब ठीक. तीच डिस्क परत चढवली तर काटा सहा घरांवर थांबला. डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवली, तर तीन. एक पैशाचा नवा भाग न लावता एकशे दहाचे तीस झाले. मिस्त्री काट्याकडे बघत म्हणाले, "काका, हबला डायल लावायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

मायक्रोमीटरने आठ जागी जाडी घेतली तर तिच्यात मात्र तीस मायक्रॉनचा फरक पडलेला होता. झालेली झीज काही परत भरून येत नाही. तेव्हा डिस्क बदलावीच लागली, सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट तेवढ्यापुरतं बरोबर निघालं. पण त्यांनी त्या नव्या डिस्क पुन्हा त्याच गंजावर चढवल्या असत्या, आणि पुढच्या पावसाळ्यात तिसरी जोडी विकली असती. त्या मिस्त्रींवर माझा राग नाही. त्यांनी विचारलं, बघितलं, घासलं. माझा राग त्यांच्यावर आहे, ज्यांच्याकडे वातानुकूलित वेटिंग रूम आहे, कॉफीचं मशीन आहे, आणि डायल नाही. डायल आणि मॅग्नेटिक स्टँड मिळून एका जोडी डिस्कच्या किमतीत येतात आणि वर्षानुवर्षं चालतात. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या मुलांना मायक्रोमीटर आणि डायल गेज शिकवलेले असतात. मुलगा शिकून येतो, आणि पहिल्या महिन्यात त्याच्या हातात इम्पॅक्ट गन देऊन सांगितलं जातं : गाड्या काढ.

ती इम्पॅक्ट गन हे दुसरं दुखणं. चाकाचे नट आवळायला प्रत्येक गाडीचा टॉर्क ठरलेला असतो. साध्या मोटारींना तो साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या घरात असतो आणि गाडीच्या पुस्तिकेत बहुधा छापलेलाही असतो. नट समोरासमोर, फुलीने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात. प्रत्यक्षात टायरच्या दुकानात आणि सर्व्हिस सेंटरात एकाला लागून एक, गोल फिरत, गन धडधडेपर्यंत नट ठोकले जातात. एक नट पिळवटून आवळलेला, शेजारचा त्याच्या निम्मा. डिस्क चाक आणि हब यांच्यामध्ये दाबली जाते, दाब एका बाजूला जास्त पडला की ती तिरकी ओढली जाते, आणि वर सांगितलेली घासण्याची कथा पुन्हा सुरू होते. टायर रोटेशन करून आणल्यावर काही आठवड्यांनी थरथर सुरू झाली असेल, तर डिस्कला हात लावण्याआधी नट सोडा आणि टॉर्क रेंचने आवळा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे टॉर्क रेंच नसेल तर मी समजू शकतो. ज्याच्या भिंतीवर कंपनीची प्रशस्तिपत्रकं टांगलेली आहेत, त्याच्याकडे तो कपाटात कुलपात असतो, याला माफी नाही.

आता लेथ. "डिस्क लेथवर मारून देतो, नवी कशाला घेता," असं सांगणारा गरिबांचा कैवारी वाटतो. त्याला विचारा, डिस्क पकडणार कुठे? डिस्कचे दोन्ही चेहरे हबला टेकणाऱ्या बैठकीच्या संदर्भातच कापले पाहिजेत. जुन्या लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये बाहेरून धरून एक चेहरा मारायचा, मग डिस्क उलटी करून दुसरा मारायचा, असं केलं की दोन सेटिंगच्या दोन चुका होतात आणि चेहरे एकमेकांना समांतर राहत नाहीत. म्हणजे जो जाडीतला फरक काढायला डिस्क नेली, तोच लेथने नव्याने घालून दिला. दोन्ही चेहरे दोन टूलने एकाच वेळी कापणारी ब्रेक लेथ असते. हबवरच, गाडीला लावलेल्या अवस्थेत डिस्क कापणारं मशीनही असतं, आणि ते असेल तर रनआउट आणि जाडी दोन्ही एकदम सुधारतात. ते नसेल तर नको. शिवाय प्रत्येक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. बावीस मिलिमीटरच्या डिस्कला साधारण वीसच्या खाली जायची परवानगी नसते. लेथवर मारलेली डिस्क त्या आकड्याच्या खाली गेली का, हे किती जण मोजून लिहून देतात? पातळ डिस्क लवकर तापते, आणि पुढच्या घाटात त्याचा हिशेब द्यावा लागतो.

घाटाचं निघालं म्हणून पॅडच्या मालाविषयी. महाबळेश्वर-पाचगणीहून पसरणी घाट उतरताना खाली वाईपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्या गाड्या दर रविवारी दिसतात. पॅड तापतात, त्यांचा माल डिस्कवर लिंपला जातो. तसाच तापलेला ब्रेक घेऊन खाली ट्रॅफिकमध्ये थांबलात आणि पेडल घट्ट दाबून धरलं, की पॅडच्या आकाराचा ठसा डिस्कवर बसतो. त्या ठशाची पकड वेगळी, जाडी वेगळी, आणि पुढच्या वेगातल्या ब्रेकला थरथर हजर. तो ठसा पुन्हा पुन्हा तापत राहिला तर त्याखालच्या बिडात सिमेंटाइटचे कठीण डाग तयार होतात. ते भोवतालच्या बिडाएवढे झिजत नाहीत, म्हणून दिवसेंदिवस उंचवटा वाढत जातो. असे डाग वरवर खरवडून जात नाहीत. हे टाळण्याचं औषध जुन्या ड्रायव्हरांना पाठ होतं : ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. पाय ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की नीट दाबून उतरवायचा आणि सोडायचा. खाली आल्यावर थांबायचंच असेल तर सपाट जागा बघून पेडल सोडायचं, गाडी हातब्रेकवर किंवा गिअरमध्ये ठेवायची. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवलं जात नाही. आठचा आकडा काढून दाखवला की लायसन्स.

नवे पॅड टाकल्यावर त्यांना डिस्कशी जुळवून घ्यावं लागतं, हे तर गॅरेजवाले सांगतच नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम जोराने वेग उतरवायचा, पूर्ण न थांबता परत वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा, आणि मग ब्रेक न वापरता थोडं चालवून ते गार होऊ द्यायचे. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. गॅरेजमधून बाहेर पडून थेट सिग्नलवर करकचून ब्रेक मारला की पहिला थर डागाडागाने बसतो, आणि खरी सुरुवात तिथेच बिघडते. एवढं सांगायला एक मिनिट लागतं. बिलावर 'लेबर चार्जेस' लिहायला मात्र विसरत नाहीत.

डिस्क निर्दोष असूनही थरथर येते, असेही प्रकार आहेत. लोअर आर्मचे बुश फाटलेत, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला झालाय, तर डिस्कमधला क्षुल्लक फरकही स्टिअरिंगपर्यंत मोठा होऊन पोचतो. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर हब स्वतःच झुलतो, मग डिस्क कितीही बदला. कॅलिपरच्या पिना ग्रीस सुकून अडकल्या की एक पॅड सुटतच नाही, डिस्क सतत तापते. लांबच्या प्रवासानंतर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागत असेल तर संशय इथे घ्यावा. अलाइनमेंटला ब्रेकच्या थरथरीशी जवळजवळ काही देणंघेणं नसतं, तरी ती करून दिली जाते, कारण तिचं मशीन घेतलेलं असतं आणि त्याचे हप्ते फिटायचे असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि एक गोष्ट, जी दोष नाही. २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे. वाळूवर, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पेडलला जलद खडखडाट लागतो आणि पाय मागे ढकलल्यासारखा वाटतो. ते यंत्र आपलं काम करतंय. घाबरून पाय सोडू नका, दाबून ठेवा. यालाही 'डिस्कचा प्रॉब्लेम' सांगून पैसे घेणारे मला ठाऊक आहेत. वयस्कर गिऱ्हाईक, एकटी बाई गाडी घेऊन आलेली, अशांना हे विशेष सांगितलं जातं. ही उघड लबाडी आहे.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. टाइल बसवणाऱ्याने लेव्हल लावली नाही तर आपण त्याला घरातून हाकलतो. डॉक्टरने रिपोर्ट न बघता ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्याकडे जातो. आणि गाडीच्या बाबतीत, जिथे वेगात थांबता येणं हाच सगळा खेळ आहे, तिथे 'बघा काय ते' म्हणून चावी देतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येत संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटी आहे. तेव्हा जॉब कार्डावर चार आकडे लिहून मागा : बदलण्याआधी डिस्कची आठ जागची जाडी, डिस्कचा रनआउट, हब साफ केल्यावर हबचा रनआउट, आणि नवी डिस्क बसवल्यावरचा रनआउट. जुनी डिस्क परत मागा. ती तुमची आहे. "असं आम्ही करत नाही सर," असं म्हणाले तर तेही लिहून मागा.

पण गिऱ्हाईकाने आकडे मागितले तरी ते कशाशी ताडून बघायचे? माझ्या गाडीच्या हबच्या रनआउटची मर्यादा किती, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, आणि ते मॅन्युअल गाडीच्या मालकाला मिळत नाही, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही मिळत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारी हा एक विभाग धरला, पोर्टलही काढलं. पोर्टल उघडून पाहिलं, माझ्या गाडीच्या हबचा आकडा काही हाती लागला नाही. मी माझ्या गाडीच्या कंपनीला हा एकच आकडा लिहून विचारला. उत्तर आलं : जवळच्या अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. सेवा केंद्रात गेलो, तर तिथल्या मॅनेजरने सांगितलं की ही माहिती ग्राहकाला देता येत नाही, आणि विचारल्यावर कबूल केलं की त्यांच्याकडे डायल नाही. म्हणजे आकडा आहे तो दाखवायचा नाही, आणि ज्यांना दाखवलाय त्यांच्याकडे तो मोजायचं साधन नाही. मी कंपनीला दुसरं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलंय, त्यात मॅनेजरचं हे उत्तर तारखेसह लिहिलंय, आणि या वेळी आकडा माझ्या एकट्यासाठी नाही, विकलेल्या प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत छापा असं मागितलंय.